बोर्डोची बाटली आणि मरोळचा उकाडा

नाशिकच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ म्हणजे काय असं विचारलं, तर तो फ्रान्समधल्या शहराचं नाव घेणार नाही. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर, असं फवारणीचं प्रमाण सांगेल. केवडा रोगावरचं हे निळसर मिश्रण आपल्याकडच्या बागांमध्ये घरच्यासारखं झालं आहे. त्याचा जन्म मात्र बोर्डोजवळच्या मेदॉकमधला. १८८२ साली प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला सँ-झुलिएँ गावाजवळ एक गोष्ट दिसली. आजूबाजूच्या वेलींची पानं केवड्यानं गळाली होती, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या होत्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून बागवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. चोरांसाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली. मिलार्देनं त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली.

म्हणजे मेदॉकच्या वाईनच्या आधी मेदॉकची फवारणी मराठी शेतकऱ्याच्या घरात पोचली. वाईन आता येते आहे, आणि मुंबईतल्या आम्हा मरोळकरांकडे ती बहुतेक वेळा विमानतळावरून येते. सहारचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. परदेशाहून येणाऱ्याला माणशी २ लिटर मद्य बिनशुल्क आणता येतं, म्हणून चॉकलेटांबरोबर एखादी रेड वाईनची बाटलीही पिशवीतून निघते. पुढे त्या बाटलीचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

आमच्या घरी अशी एक बाटली आली होती. भाच्यानं बोर्डोहून आणलेली, ओ-मेदॉकची. ‘वाईन जितकी जुनी तितकी चांगली’ हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं, म्हणून ती फ्रिजच्या वरच्या कपाटात गेली आणि आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवली गेली. मध्ये चार उन्हाळे गेले. उघडायला घेतली तेव्हा बूच वर सरकलेलं होतं, रंग विटकरी झाला होता आणि वास शिजवून ठेवलेल्या मनुकांचा येत होता. बाबांनी कौतुकानं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. भाच्यानं पहिल्या पगारातून आणलेली ती बाटली आली त्याच महिन्यात आम्ही उघडली असती तर किती बरं झालं असतं, हे मला अजून वाटतं.

मेदॉक ही बोर्डो शहराच्या उत्तरेला समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला गिरोंदची खाडी. सतराव्या शतकापर्यंत यातला मोठा भाग दलदलीचा होता; डच अभियंत्यांनी चर खणून पाणी काढलं आणि खालचे नदीच्या गोट्यांचे उंचवटे उघडे पडले. या गोट्यांमधून पाणी झटकन निचरतं, आणि दिवसा तापलेले गोटे रात्री वेलींना ऊब देतात. समुद्राकडून येणारं वारं पाइनच्या जंगलानं अडवलेलं असतं. अशा जागी कॅबर्ने सोव्हिन्याँ ही उशिरा पिकणारी, लहान मण्याची, जाड सालीची काळी द्राक्षं नीट तयार होतात. सोबत थोडं मर्लो मिसळतात, म्हणजे कॅबर्नेचा कडकपणा मऊ होतो.

ही वाईन ‘दमदार’ आहे असं म्हणतात तेव्हा तिची दारूची टक्केवारी डोळ्यांसमोर आणू नका. तिचा दम तुरटपणात आहे. आपल्या भाषेत हा शब्द रोजचा आहे, त्यामुळे मराठी जिभेला ही वाईन समजावणं सोपं जातं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, कोरा चहा जास्त उकळला की हिरड्यांवर जे चढतं, हिरडा चघळल्यावर जे होतं, त्याच जातीचा हा तुरटपणा. तो द्राक्षाच्या साली-बियांतून आणि ओकच्या पिंपांतून येतो. तरुण मेदॉक पहिल्या घोटाला नकोशी वाटते याचं कारण हेच. त्यात बिघाड नसतो. ती थोडी हवा आणि सोबत योग्य खाणं मागत असते.

तापमानाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मरोळमध्ये चूक होते ती इथेच. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य जिथं तयार झालं, तिथल्या खोल्या दगडी होत्या आणि त्यांचं तापमान १६ ते १८ अंश असायचं. मरोळच्या मिलिटरी रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर मे महिन्यात खोलीचं तापमान ३० च्या वर असतं आणि रात्रीही फारसं उतरत नाही. इतक्या गरम रेड वाईनमध्ये आधी नाकात अल्कोहोल चढतं, मग जिभेवर नुसता जाळ होतो. फळाचा वास, लाकडाचा वास, सगळं त्याखाली दडपतं. म्हणून संकोच न करता रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवा. पिण्याआधी पाऊण ते एक तास पुरतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा पाण्यासकट बर्फ लवकर गार करतो. हाताला बाटली गार लागावी, पण तिच्यावर दव धरू नये. फार गार झाली तर काळजी नको, आपल्या हवेत ती दहा मिनिटांत पूर्वपदावर येते. पेल्यात बर्फ मात्र टाकू नका. पाणी सुटतं आणि तुरटपणा तेवढा उघडा पडतो.

ठेवण्याचं तंत्र आपल्याकडे नाही असं समजू नका. मरोळ गावठाणातल्या इस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मसाले कुटून ‘बाटली मसाला’ करतात, आणि तो बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. नावच त्यावरून पडलं. उजेडानं रंग आणि वास जातो, हे त्या बायकांना अनुभवानं ठाऊक आहे. वाईनलाही हाच नियम. त्यात उष्णतेची भर घाला आणि जागा निवडा. फ्रिजच्या वरचं कपाट, गॅसजवळचं फडताळ, माळा आणि पश्चिमेची भिंत या चारही जागा बाद. घरातली सर्वांत थंड जागा बहुधा आतल्या खोलीतल्या कपाटाचा जमिनीलगतचा कप्पा असते. बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. उन्हाळाभर ठेवायची वेळ आलीच, तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तो वाईनसाठी जरा जास्तच थंड आहे, पण ३२ अंशांपेक्षा ८ अंश केव्हाही बरे.

आणि राखून ठेवण्याचा मोहच सोडा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रेड वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात. दहा-वीस वर्षं मुरणाऱ्या मेदॉक १२ ते १४ अंशांच्या तळघरात मुरतात. आपल्या कपाटात त्या शिजतात.

इथे कुणीतरी कॉस देस्तुर्नेलची गोष्ट काढेल, म्हणून तिचाही विचार करू. मेदॉकमधल्या सँ-तेस्तेफ गावचा लुई-गास्पार देस्तुर्नेल एकोणिसाव्या शतकात आपली वाईन जहाजानं हिंदुस्थानात विकायला पाठवायचा. न खपलेली पिंपं परत गेली तेव्हा त्या प्रवासानं वाईन अधिक चांगली झाली असं त्याला वाटलं, आणि तो अशा बाटल्यांवर ‘हिंदुस्थानातून परत’ अशी खूण करू लागला, असं तिथं सांगतात. त्यानं आपल्या कोठाराला पॅगोड्यासारखे मनोरे चढवले. लोक त्याला सँ-तेस्तेफचा महाराजा म्हणत. इमारत आजही उभी आहे. गोष्ट मला फार आवडते. पण ती भल्यामोठ्या पिंपांतल्या, त्या काळच्या राकट वाईनची आहे. पाऊण लिटरच्या बाटलीला मरोळच्या माळ्यावर ठेवण्याचा परवाना तिच्यात शोधू नका.

आता विकत घेण्याकडे येऊ. बोर्डोच्या लेबलवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतं, गावाचं असतं. नुसतं ‘बोर्डो’ म्हणजे त्या प्रदेशात कुठंही पिकलेलं द्राक्ष. ‘मेदॉक’ आणि ‘ओ-मेदॉक’ म्हणजे या द्वीपकल्पातलं. ‘पोयाक’, ‘मार्गो’, ‘सँ-झुलिएँ’, ‘सँ-तेस्तेफ’ म्हणजे त्यातल्याही एका गावातलं. जितकी जागा लहान, तितकी किंमत मोठी. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इथल्या बागांची पाच दर्जांत प्रतवारी झाली आणि ती आजही जवळपास तशीच चालते. वरच्या दर्जात मोठा बदल झाला तो एकदाच, १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्दला पहिल्या रांगेत घेतलं तेव्हा. ती नावं आपल्या खिशाची नाहीत आणि त्यांच्या मागे लागण्याची गरजही नाही. परदेशातून कुणी येणार असेल आणि विचारलं, तर ‘ओ-मेदॉक’ किंवा ‘क्रू बूर्ज्वा’ लिहिलेली बाटली सांगा. मुंबईच्या दुकानातली स्वस्तातली आयात बोर्डो मात्र मी घेणार नाही. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. अशा बाटलीत तुम्ही द्राक्षापेक्षा कराचे पैसे जास्त मोजता. दुकानात बाटली निवडताना उन्हाच्या काचेत मांडलेली घेऊ नका, आतली मागा. बूच वर आलेलं असेल, कडेला चिकट ओघळ असेल, तर ती बाटली तापलेली आहे, परत ठेवा.

त्याच पैशांत नाशिक जास्त देतं. कॅबर्ने सोव्हिन्याँ तिथं लागून आता बरीच वर्षं झाली. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली १९९९ मध्ये. राज्याचं द्राक्षवाईन धोरण २००१ मध्ये आलं आणि विंचूर, दिंडोरी, निफाडकडे वाईनरी उभ्या राहिल्या. त्याही आधी नारायणगावला श्याम चौगुले यांच्या इंडेजनं वाट पाडली होती. पुढे मंदीच्या वर्षांत अनेक शेतकऱ्यांचे वाईनद्राक्षांचे पैसे अडकले आणि त्यांनी वेली उपटल्या, हेही लक्षात ठेवायला हवं. आज दुकानात दिसणारी बाटली त्या नुकसानीतून तगलेल्या बागांची आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदारांची फ्रातेल्ली आहे. तिच्या ‘सेत्ते’मध्ये इटलीचं सांजोवेझे आणि बोर्डोचं कॅबर्ने एकत्र असतं. कर्नाटकात नंदी हिल्सच्या ग्रोव्हरकडे तर १९९० च्या दशकात बोर्डोचाच मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून आला, आणि त्यांची ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबर्ने-शिराझ आजही शिकण्यासाठी उत्तम आहे.

पण नाशिकची कॅबर्ने म्हणजे मेदॉकची नक्कल असं समजून पिऊ नका. मेदॉकमध्ये वेल हिवाळाभर झोपते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षात दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता गोडी छाटणी. घड थंडीत भरतात आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक गारठा. निफाडचा पारा किती उतरतो ते आपण दर डिसेंबरात वाचतोच. या हवेत साखर लवकर भरते, फळाचा वास पुढे येतो आणि तुरटपणा मेदॉकपेक्षा मवाळ राहतो. माझं मत विचाराल तर नाशिकच्या मातीला कॅबर्नेपेक्षा शिराझ जास्त मानवली आहे. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ प्यायल्यावर मिरीचा जो वास मागे राहतो तो खास इथला आहे. म्हणून नवख्यानं क्रम असा ठेवावा: आधी नाशिकची शिराझ, मग कॅबर्ने, मग मेदॉक. तुरटपणाची पायरी एकेक चढली की तिसरी बाटली कळते. थेट तिसरीपासून सुरुवात केली की माणूस ‘कडू आहे’ म्हणून कायमचा सोडून देतो.

शक्य असेल तर एकदा नाशिकला जाऊनच या. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान जा, म्हणजे घड वेलीवर दिसतील. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण द्राक्ष नसतं. मरोळ नाक्याहून सकाळच्या मेट्रोनं घाटकोपर, लोकलनं ठाणे आणि तिथून तपोवन एक्स्प्रेस, असा प्रवास मी सुचवेन. संध्याकाळी परतीची तपोवनही मिळते. वेळापत्रक आधी पाहून घ्या. गाडीनं गेलात तर चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये. कसाऱ्याचा घाट परतीला अंधारात लागतो. चवीच्या खोलीत पाच-सहा वाईन थोड्या थोड्या देतात. सगळ्या गिळायच्या नसतात, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. सांगणाऱ्या मुलामुलींना तीन प्रश्न जरूर विचारा: द्राक्ष कुठल्या गावचं, काढणी कधीची, लाकडात किती महिने. त्यांना हे विचारलेलं आवडतं आणि उत्तरांतून तुम्हाला लेबल वाचता येऊ लागतं. परतताना घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. तासाभरात त्यांची माती होते.

उघडताना घाई नको. तरुण मेदॉक किंवा लाकडात मुरलेली नाशिकची कॅबर्ने काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा-पाऊण तास ठेवा. हवा लागली की तुरटपणा निवळतो. पेला मोठा घ्या आणि एक तृतीयांशच भरा, वरची जागा वासासाठी असते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, व्हिनेगरचा आला तर हवा शिरलेली. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. त्यानंतर ती मटणाच्या रश्श्यात घाला.

सोबत काय खायचं, हा प्रश्न मरोळमध्ये फार मजेचा आहे. इथला मासळी बाजार, त्यातही सुकी मासळी, उपनगरभर प्रसिद्ध. पण बांगडा, सुकट, बोंबील यांच्यासोबत कॅबर्ने पिऊन पाहू नका. माशाचं तेल आणि रेड वाईन एकत्र आले की तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव येते. माशाला पांढरी वाईन द्या. रेडला हवं मांस आणि चरबी, कारण तुरटपणा त्यांनाच धरतो आणि मऊ होतो. १५७९ साली बांधलेलं कोंडिविट्याचं चर्च आज सीप्झच्या आवारात भग्न उभं आहे. तिथला धर्मग्राम १८४० मध्ये मरोळला आला, आणि त्या परंपरेतल्या घरांत सणाला होणारं डुकराच्या मांसाचं सोरपोटेल आणि सोबतचे फुगियास पाव हे मला माहीत असलेलं रेड वाईनचं सर्वांत चांगलं जेवण आहे. सोरपोटेलमधली चरबी आणि मसाला शिराझला पेलतात. इंद्याल जरा आंबट आणि तिखट, तिथं वाईन मागे पडते. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासोबत तर वाईन घेऊच नका. मिरचीची आग अल्कोहोलनं दुप्पट होते. त्यापेक्षा सुकं मटण, खिमा, मिरची कमी घातलेले कबाब. शाकाहारी असाल तर चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मसुराची आमटी, मशरूम, जुनं चीज. भरताचा धुराचा वास आणि ओकच्या पिंपाचा वास एकमेकांना ओळखतात, हे एकदा करून पाहा.

दोन गोष्टी सरळ सांगायच्या आहेत. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला कायद्यानं परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे त्याचे प्रकार आहेत. तो काढा. दुसरं, ‘रेड वाईन हृदयाला चांगली’ म्हणून कुणी सुरुवात करू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. गरोदर बायका, यकृताचा त्रास असलेले आणि नियमित औषधं घेणारे यांनी दूरच राहावं. जे घेत नाहीत त्यांना आग्रह नको. त्यांच्या पेल्यात कोकम सरबत द्या. जे घेतात त्यांनी जेवणासोबत, एखादा पेला, चव घेत प्यावी.

आणि हा अंक खाली ठेवल्यावर आधी स्वयंपाकघरात जा. फ्रिजवरच्या कपाटात कुणी प्रेमानं आणलेली एखादी बाटली ‘चांगल्या प्रसंगासाठी’ उभी असेल, तर ती आजच खाली काढा आणि येत्या रविवारी, आणणाऱ्याला जेवायला बोलावून उघडा.